नाना, तुमचं लिनक्स मराठी बोललं

नाना, तुमच्या गंधमुक्तीच्या विधीला आलेली माणसं आपापल्या गावी गेली. क्वार्टरच्या अंगणात मांडलेल्या भाड्याच्या खुर्च्याही परत गेल्या. आता घरात प्रमोद आणि मी.

सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. अमळनेरच्या कॉलेजातले तुमचे सहकारी तुमच्या गणिताच्या तासांबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले. एकाने तर तुम्ही तास सुरू असताना आलेल्या प्राचार्यांनाही दारात थांबवल्याची गोष्ट सांगितली. मी चहा देत ऐकत होते. मला सारखं वाटत होतं, हे ज्यांच्याबद्दल बोलताहेत त्या माणसाला मी फारशी ओळखतच नव्हते. मी ओळखत होते ते दीपनगरच्या नानांना, डोळे गेल्यावर इथे आलेल्या. त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण त्यांना आमच्याशिवाय फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणून तुमच्याशीच बोलते आहे.

आपलं नातं तसं लांबूनचंच होतं. लग्न होऊन मी धुळ्याहून आले तेव्हा प्रमोद वीज केंद्रात नोकरीला लागलेला होता. त्यामुळे आम्ही पहिल्यापासून इथे कॉलनीत आणि तुम्ही नि आई अमळनेरला. भेट सणावाराला. फोनवरचं बोलणं म्हणजे ‘पोहोचलात का’ आणि ‘जेवलात का’. तुम्ही खोलीत आलात की मी आपोआप उभी राहायची. मी कॉलनीतल्या शाळेत मराठी शिकवते, याबद्दल तुम्ही कधी चांगलं-वाईट काही म्हणाला नव्हता. तुम्हाला त्यात रस नसावा, असं मी धरून चालले होते.

मग आई गेल्या, आणि त्यांच्यामागून तुमचे डोळे. काचबिंदू. एक डोळा आधीच गेलेला होता, पण तुम्ही कुणाला कळू दिलं नव्हतं. दिवाळीला आम्ही अमळनेरला आलो तेव्हा तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतलात आणि प्रमोदच्या लक्षात आलं. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नसते, उरलेली सांभाळू. ती सांभाळली गेली नाही. उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच तुम्हाला कळायचं. प्रमोदने अमळनेरच्या घराला कुलूप लावलं आणि तुम्हाला इथे घेऊन आला. बरोबर कपड्यांच्या दोन बॅगा आणि गोधडीत गुंडाळलेला तुमचा जुना कॉम्प्युटर. हा आता कशाला, असं प्रमोद म्हणाला होता. तो गाडीत ठेवल्याशिवाय तुम्ही बसला नाहीत.

पहिले काही महिने तुम्ही व्हरांड्यात बसून असायचात. सकाळी कठड्यावरून बोट फिरवायचात, बोटाला वीज केंद्राच्या चिमणीची राख किती लागते ते बघायचात आणि आज वारा कुठून आहे ते सांगायचात. एवढंच काय ते बोलणं. माझी शाळा दुपारची. सकाळी भाकरी टाकून झाल्या की मी तुमच्यासमोर बसून पेपर वाचू लागले. सुरुवातीला नुसत्या बातम्या. मग तुम्ही म्हणालात, अग्रलेख वाच. मग म्हणालात, पूर्णविरामाला थांबत जा, घाई करू नकोस. आणि एका सकाळी तुम्ही मधेच मला थांबवून एका वाक्यावर भांडलात, म्हणजे त्या लिहिणाऱ्याशी भांडलात, पण तो समोर नव्हता म्हणून माझ्याशी. मीही उलट बोलले. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेल्यावर सासऱ्याशी माझा तो पहिला वाद. त्या दिवशी शाळेत जाताना मला फार बरं वाटत होतं, नाना. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

गोधडीतला कॉम्प्युटर तुम्ही प्रमोदकडून लावून घेतला. तुमच्या बोटांना कीबोर्डच्या कळा पाठ होत्या. न बघता तुम्ही भराभरा टाइप करायचात, पण काय उमटलं ते मलाच वाचून दाखवावं लागायचं. त्यावर बोलून दाखवणारा एक प्रोग्राम होता, पण इतका जुना, की तो मराठी वाचू लागला की दाढा दुखणाऱ्या माणसासारखं काहीतरी ऐकू यायचं. तरी तुम्ही नेटाने ऐकायचात. कारण त्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. तुम्हीच समजावलंत. विंडोज कंपनीचं असतं, आतून बंद. लिनक्स जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही उघडून पाहावं, बदलावं आणि फुकट वापरावं असं. जे उघडून बघता येत नाही ते आपलं नसतं, हे तुम्ही वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलात. कॉलेजच्या लॅबमध्ये ते बसवण्यासाठी तुम्ही कुणाकुणाशी भांडलात, तेही सांगितलंत. सांगताना तुमचा चेहरा उजळायचा.

आणि मग तो कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्त होणार नव्हता. प्रमोद म्हणाला, लॅपटॉपच घेऊ.

जळगावला किरणच्या दुकानात गेलो तो दिवस मला अगदी स्वच्छ आठवतो. किरण तुमचा विद्यार्थी. तुम्हाला बघून तो काउंटरच्या बाहेर आला आणि पाया पडला. त्याने लॅपटॉप समोर मांडले आणि सवयीने स्क्रीनबद्दल सांगू लागला. तुम्ही त्याला थांबवलंत. ‘‘स्क्रीन हिला दाखव. मला कळा दाखव.’’

मग तुम्ही एकेका लॅपटॉपवर हात ठेवलात. बोटांना खूण लागावी म्हणून दोन कळांवर उंचवटा असतो, तो चाचपून पाहिलात. कळ किती खोल जाते, परत वर येते तेव्हा कळतं का, हेडफोनचं भोक कुठल्या बाजूला, झाकण एका हाताने उघडतं का. एक मॅक होता, सगळ्यांत देखणा. त्यावर तुम्ही जरा वेळ बोटं फिरवलीत आणि म्हणालात, याच्या कळांना खोली नाही, काचेवर टाइप केल्यासारखं वाटतं. शेवटी तुम्ही निवडलात तो दिसायला सगळ्यांत साधा होता. काळा, जाडसर. प्रमोदला तो जुनाट वाटला. तुम्ही म्हणालात, मला कुठे दिसतोय.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. किरण चाचरत म्हणाला, ‘‘सर, यावर तुमचं लिनक्स टाकून देतो. पण मराठी वाचायचं असेल तर… एकदा दोन्ही ऐकून बघा.’’

त्याने आतून दुसरा लॅपटॉप आणला. पेपरातला एकच मजकूर दोन्हींवर लावला. आधी लिनक्सवर. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरपेक्षा बरं होतं, पण जोडाक्षर आलं की अडखळत होतं, निम्मं कळत होतं. मग विंडोजवर. एक बाई सरळ बोलावं तशी वाचू लागली. पूर्णविरामाला थांबत होती. दुकानात गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत उभी राहिली. तुम्ही मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलंत. मग म्हणालात, ‘‘हेच राहू दे.’’

परतीच्या वाटेवर तुम्ही प्रमोदच्या शेजारी बसला होतात, मी मागे. नशिराबाद आलं. मग तुम्ही मान न वळवता मला विचारलंत, ‘‘शुभांगी, मी विंडोज म्हणालो तेव्हा किरण हसला का?’’

मी म्हटलं, नाही नाना, तो बिल करायचं सोडून तुमच्या बोटांकडे बघत होता. ते खरंच होतं. तुम्ही मान हलवलीत. प्रमोदने आरशातून माझ्याकडे पाहिलं. बापाने काय सोडलं ते त्यालाही त्या क्षणी कळलं असावं.

पुढचे दिवस कठीण गेले. तुमची बोटं जुन्या वाटेने जायची आणि यंत्र भलतंच काही करायचं. खिडकी बंद करायला जावं तर आवाजच बंद व्हायचा. तुम्ही माझ्याशी नेहमी छापील मराठीत बोलायचात, पण त्या दिवसांत वैतागलात की अहिराणी बाहेर यायची. ‘‘हाई बठ्ठं उलटं शे,’’ सगळंच उलटं, असं म्हणून तुम्ही हेडफोन काढून ठेवायचात. मी धुळ्याची, मला हसू यायचं, आणि मीही अहिराणीतच म्हणायची, मंग सुलटं करा ना. हळूहळू आपण दोघं घरात अहिराणी बोलू लागलो. प्रमोद आश्चर्याने बघायचा. त्याच्याशी तुम्ही कधी तसं बोलला नव्हता.

मी शेजारी बसून कळा वाचून सांगायची, तुम्ही पाठ करायचात. एक दिवस पोळी खाता खाता तुमची बोटं ताटाच्या कडेवर कळा दाबत होती, ते मी पाहिलं.

आणि मग ती सकाळ आली. मी नेहमीप्रमाणे अग्रलेखाच्या पानावर घडी घालून पेपर घेऊन आले. तुम्ही हेडफोन खाली केलात आणि म्हणालात, ‘‘आज मी वाचला.’’ तुमच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या. प्रमोदलाही हाक मारून सांगितलं. मग स्वयंपाकघरात गेले आणि तो पेपर हातात धरून बराच वेळ उभी राहिले. माझ्याच मदतीने निवडलेल्या यंत्राने माझी सकाळ नेली होती. असं वाटणं वेड्यासारखं आहे हे मला कळत होतं. तरी वाटलं. तुमच्या डोळ्यांना ते दिसलं नाही, याचा त्या दिवशी मला आधार वाटला.

तुम्ही मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसू लागलात आणि मी भाकरी थापत असताना मला बातम्या सांगू लागलात. लिहिणाऱ्याशी भांडायचात, मी तुमच्याशी. ते भांडण यंत्रातली बाई वाचायची त्यापेक्षा लांबत जायचं. माझी एखादी भाकरी करपायची आणि तुम्हाला वासाने माझ्याआधी कळायचं.

पहूरचे सलीमभाई याच दिवसांतले. कापडाचे व्यापारी, साखरेच्या आजाराने दृष्टी गेलेली. किरणने त्यांना तुमचा नंबर दिला. त्यांच्या घरी मुलाचा एक जुना लॅपटॉप पडून होता. तुम्ही त्यांना फोनवरून एकेक कळ शिकवलीत. ते तुम्हाला सर म्हणायचे, तुम्ही त्यांना भाई. डोळे गेलेली दोन माणसं एकमेकांना सांगताहेत, डावीकडे खाली, आणखी डावीकडे, सापडली का, आणि ते तिकडे पहूरला काहीतरी भलतंच दाबताहेत आणि तुम्ही इकडे हसताहात. इतकं हसताना मी तुम्हाला पाहिलं नव्हतं.

आता आपल्या भांडणाबद्दल बोलायलाच हवं.

पावसाळा सरता सरता सलीमभाईंच्या लॅपटॉपची अडचण झाली. विंडोजची नवी आवृत्ती त्या जुन्या यंत्रावर चालणार नव्हती आणि जुनीला यापुढे सुधारणा मिळणार नव्हत्या. नवा घ्यायला ते तयार नव्हते. मुलाचा होता तो, त्याच्या कळांची सवय झाली होती. तुम्ही दोन दिवस विचार करत होतात. मग मला म्हणालात की लिनक्समध्ये आता मराठीचा नवा आवाज आलाय, चांगला आहे म्हणतात. आधी माझ्या लॅपटॉपवर टाकून बघतो, जमलं तर सलीमभाईंना सांगतो.

मी नको म्हटलं. नीट चाललेलं यंत्र कशाला हलवायचं, असं मी म्हटलं. किरणच्या दुकानातल्या एखाद्या यंत्रावर बघू, असंही म्हटलं. तुम्ही म्हणालात, दुकानात ऐकणं आणि दिवसभर त्याच्याबरोबर राहणं यात फरक आहे, मी राहून बघितल्याशिवाय त्या माणसाला कसं सांगू? मी ऐकलं नाही. वाद वाढला. आणि तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, ‘‘मला इथे आणलंत तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. या यंत्राचं तरी माझं मला ठरवू दे.’’

प्रमोद आत होता, त्यानेही ऐकलं. ‘दिवाळीनंतर बघू’ एवढं म्हणून मी शाळेत गेले.

मी का अडले होते ते तुम्हाला सांगायचं राहिलं. त्याच्या आधी उन्हाळ्यात एकदा मी संध्याकाळी घरी आले तर तुम्ही टेबलाशी हेडफोन लावून, हात मांडीवर ठेवून बसला होतात. बोलणारा प्रोग्राम कशाने तरी थांबला होता. दुपारपासून तसेच बसला होतात, फोनही केला नव्हता. मी काय झालं विचारलं तर म्हणालात, ‘‘काही नाही. क्षणभर वाटलं, आता कानही गेले.’’ आणि हसलात. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, बाई पुन्हा बोलू लागली, विषय संपला. माझ्यासाठी तो संपला नव्हता, नाना. शाळेत शिकवताना मला मधेच तुमचे ते मांडीवरचे हात दिसायचे. यंत्रावर विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मी घरात नसताना तुमच्या कानात कुणीतरी बोलत असावं, एवढंच मला हवं होतं.

दिवाळी झाली. तुम्ही विषय काढला नाहीत, मीही नाही. मग थंडी पडली आणि तुमचा खोकला सुरू झाला.

जळगावच्या दवाखान्यात तुम्हाला ऑक्सिजन लावला होता. न्यूमोनिया आहे, वय आहे, असं डॉक्टर प्रमोदला बाहेर नेऊन सांगत होते. दुपारची वेळ होती. मी पेपर घेऊन आले होते. म्हटलं, हेडफोन नाहीत इथे, आपली जुनी पद्धत. खुर्ची जवळ ओढून वाचायला लागले. पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही हात वर केलात. मला वाटलं पाणी हवंय. तुम्ही मास्क जरा बाजूला केलात.

‘‘वाचू नको, माय. नुसती बोल.’’

मग मी काहीही बोलत राहिले. दोरीवरच्या कपड्यांवर राख पडल्याचं, शेजारणीने भरताची वांगी पाठवल्याचं, पाचवीतल्या एका मुलीने निबंधात आजोबांना ‘ते’ न म्हणता ‘तो’ म्हटलं आणि मी ते चुकीचं धरलं नाही, त्याचं. तिथे तुमचा चेहरा जरा हलला. तुम्हाला ते पटलं होतं की नव्हतं, मला कळलं नाही. बोलता बोलता तुम्हाला झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

तिथेच मी सांगायला हवं होतं, उन्हाळ्यातल्या त्या संध्याकाळचं. वांग्यांऐवजी.

गंधमुक्ती झाल्यावर सलीमभाई बायकोला घेऊन पहूरहून आले. किरणही योगायोगाने तेव्हाच आला होता. सलीमभाई तुमच्या फोटोसमोर उभे राहिले. फोटो कुठे आहे ते त्यांनी बायकोला विचारून घेतलं आणि त्या बाजूला तोंड करून हात जोडले. मग बसून म्हणाले, सरांनी मला थांबायला सांगितलं होतं, म्हणून मी लॅपटॉपचं काही केलं नाही. आता काय करू?

प्रमोद माझ्याकडे बघत होता. मी उठून तुमचा लॅपटॉप आणला आणि किरणला म्हटलं, सरांना टाकायचं होतं ते यावर टाका.

त्या कामाला अख्खी दुपार लागली. सलीमभाई जेवून तिथेच बसून राहिले. शेवटी किरणने त्या दिवसाचा पेपर लावला आणि यंत्र मराठी बोललं. पुरुषाचा आवाज होता, जरा नाकातला. जोडाक्षरांवर अजून थोडा अडतो. पूर्णविरामाला थांबतो. पण कळत होतं, नाना. शब्द न् शब्द कळत होता. सलीमभाई पुढे वाकून ऐकत होते. म्हणाले, ‘‘हा चालेल. यांची सवय होईल.’’ ते त्या आवाजाला ‘यांची’ म्हणाले. किरण आता त्यांच्या लॅपटॉपवर तेच बसवून देणार आहे.

तुमचं बरोबर होतं. तुम्हालाही सवय झाली असती. पहिले आठ-पंधरा दिवस चिडला असतात, अहिराणीत बोलला असतात, आणि मग एका सकाळी दाराशी खुर्ची ओढून बसला असतात. आणि तुमचं मत तर मला माहीतच आहे. हे यंत्र तुम्हाला उघडून बघता आलं असतं, म्हणजे ते तुमचं झालं असतं. ज्यांच्याशी भांडले त्यांना मी हे सांगू शकत नाही, हे मला सहन होत नाही.

जाताना किरणने विचारलं, जुनं विंडोज परत टाकून देऊ का? मी म्हटलं, राहू द्या. आता शाळेच्या प्रश्नपत्रिका मी त्यावरच करते. सगळं वेगळ्या जागी आहे. काल संध्याकाळी सहावीचा पेपर टाइप करून ठेवला आणि तो कुठे गेला ते सापडेना. शोधता शोधता मी मान वर न करता हाक मारली, ‘‘नाना, हे कुठे ठेवतं हो?’’

प्रमोद आतून आला. तो दारात थांबला. मी कुणाला हाक मारली ते त्याला ऐकू आलं होतं. मला वाटलं तो परत फिरेल. इतक्या दिवसांत तो तुमच्याबद्दल एक शब्द बोललेला नाही. तो आला आणि माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसला.

‘‘दाखव,’’ म्हणाला, ‘‘काय अडलंय.’’

त्याला लिनक्समधलं काहीच येत नाही, नाना. मला त्याच्यापेक्षा किंचित जास्त येतं. आम्ही दोघं एकेक खिडकी उघडून बघत बसलो. मधेच तो म्हणाला, त्यांना विचारायला पाहिजे होतं. मी म्हटलं, लिनक्सचं? तो म्हणाला, नाही, अमळनेर सोडण्याचं. मग तो पुन्हा शोधायला लागला. बाहेर अंधार पडला तरी तो उठला नाही, आणि मीही दिवा लावायला उठले नाही.